कुमूची छाती

कुमू मरून दोन वर्षं पाच महिने झाले होते, पण आसपासच्या जंगलात ते कुणाला ठाऊक नव्हतं. रोज सकाळी सहाच्या सुमाराला, झाडांच्या शेंड्यांवरचं धुकं उठायच्या आत, त्याची छाती घुमायची. जेमतेम दोन-अडीच सेकंद. किलोमीटरभरातले परके गोरिला नर ते ऐकायचे, मनाशी काय ते ठरवायचे आणि वाट बदलायचे.

तो आवाज निघायचा सांगलीतून.

हळदीच्या पेठेत एक जुनं गोदाम होतं. व्यापार दुसरीकडे हलला तेव्हा मालकानं ते 'दूरवन' नावाच्या संस्थेला वापरायला दिलं. कितीही झाडलं तरी तिथली फरशी पिवळीच. संस्थेत पगारी माणूस एकही नाही. निवृत्त मास्तर, शिंपी, दोन नर्सबाया, कॉलेजातल्या मुली असे चाळीसेक जण पाळीपाळीनं यायचे, कानाला हेडफोन लावून साडेसहा हजार किलोमीटरवरचं काँगोचं जंगल ऐकायचे, आणि करवतीचा किंवा बंदुकीचा आवाज आला की तिकडच्या राखणदारांना कळवायचे. दारावर पाटी होती : 'हळू बोला. जंगल ऐकतंय.'

कोपऱ्यात चौरंगावर 'छाती' ठेवलेली असायची. मिरजेच्या एका तबला करणाऱ्या कारागिरानं बकऱ्याचं कातडं ओढून ती बांधली होती. आत हवेच्या दोन पिशव्या, आणि कातड्याखाली शेकडो बारीक संवेदक. हाताचा घाव कुठं बसला, किती जोरानं, तळवा किती खोल धरला होता, हे सगळं ते टिपायचे. ते उपग्रहावरून तिकडे जायचं आणि झाडांवर बांधलेल्या आठ भोंग्यांपैकी ठरवलेल्या एका भोंग्यातून बाहेर पडायचं, ते कुमूची छाती होऊन. अर्धा सेकंदही लागत नसे.

या छातीपुढे बसायचा उत्तम आवळे. वय एकोणसत्तर. जन्म गेला हलगी वाजवण्यात. लग्नाच्या वराती, जत्रा, आणि मुख्य म्हणजे कुस्तीची मैदानं. पैलवान आखाड्यात हात मिळवायला पुढं आले की हलगी घुमायची, आणि कुणाचा दम टिकणार हे उत्तम डोळे मिटून सांगायचा, अशी त्याची ख्याती.

आपल्याकडे ऊर बडवतात ते दुःखानं. गोरिला ऊर बडवतो ते वजन सांगायला. त्याच्या गळ्याजवळ हवेच्या पिशव्या असतात, त्यामुळे छाती घुमते. जितकं धूड मोठं तितका आवाज खर्जाचा. दाट जंगलात नर एकमेकांना दिसत नाहीत, पण आवाजावरून समोरचा केवढा आहे ते कळतं, आणि बहुतेक मारामाऱ्या न होताच मिटतात. प्रत्येक नराची लयही वेगळी. कुणी सहा घाव घालतो, कुणी अकरा. कुणाचा शेवटचा घाव बसका, कुणाचा टणक.

कुमू गेला माणसाच्या पडशानं. कुणी पाहुणा मास्क न लावता जवळ गेला होता म्हणे. माणसाला जे दोन दिवसांत बरं होतं, त्यानं दोनशे किलोंचा नर आठ दिवसांत संपला. आजारी पडल्यावर तो कळपापासून लांब एका ओढ्याकाठी जाऊन बसला आणि तिथंच गेला. मागं राहिल्या पाच माद्या, नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा आणि दोन महिन्यांचं एक पिल्लू. पिल्लाचं नाव तिकडच्या राखणदारांनी मोके ठेवलं होतं. मोके म्हणजे लहान.

नर मेला की कळप फुटतो. माद्या दुसऱ्या नराकडे जातात, आणि नवा नर दूधपितं पोर बहुतेक वेळा मारून टाकतो. आई पाजत असते तोवर तिला दुसरं पिल्लू होत नाही, एवढंच त्यामागचं कारण. त्यात दुष्टपणा नाही. तो शब्द आपण तिथं नेऊ नये. पण मोके चार वर्षांचा होईपर्यंत परका नर कळपाजवळ आला, तर मोके संपला, हे मात्र नक्की.

म्हणून संस्थेच्या डॉ. मृणाल उपळेकर यांनी कुमूला मरू दिलं नाही. बाई जनावरांच्या डॉक्टर. सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर त्यांनीच ही संस्था उभी केली होती. आधी त्यांनी कुमूचा जुना आवाज नुसता वाजवून पाहिला. तीन आठवड्यांत एक परका नर चौकशीला आला. रोज तेच ते, हे त्यानं ओळखलं होतं. मग यंत्राला आवाज बदलायला शिकवलं. तेही फसलं. यंत्र बदल करायचं, पण त्या बदलाला कारण नसायचं. जिवंत जनावर पावसात भिजलं की वेगळं वाजवतं, उपाशी असलं की वेगळं. शेवटी बाईंनी एका मैदानात उत्तमची हलगी ऐकली आणि त्याला गोदामात आणून बसवलं. कानात जंगलाचा पाऊस ऐकत उत्तमनं पहिला हात टाकला, आणि तो परका नर आला तसा परत गेला.

तेव्हापासून रोज सकाळी साडेदहाला, म्हणजे तिकडच्या सहाला, उत्तम इथं. एकही दिवस चुकला नाही. तापानं फणफणला होता तेव्हा कुमूही जरा मऊ वाजला, इतकंच. कळपाला कुमू मेल्याचं कळलं होतं का, यावर संस्थेत दोन मतं होती. कळप मात्र त्या आवाजाच्या आसपास चरत राहिला. सगळ्यांत थोरली मादी पुढं आणि बाकीच्या मागं.

उत्तमची बायको हौसाबाई हिला हा सगळा कारभार पसंत नव्हता.

"निघालं का माकडाचं सोंग घ्याया?" ती डबा भरताना म्हणायची.

"माकड न्हवं गं, गोरिला."

"त्येच ते. लेकीकडं आठ दिस ऱ्हायाला चला म्हनलं तर तुमास्नी जमत न्हाई. आन् तिकडं पाच बायकांचा संसार सांभाळताय."

"तुला शंभर डाव सांगितलं, लेकराचा जीव हाय तिथं."

हौसाबाई डब्याचं झाकण जरा जोरानं बसवायची.

फेब्रुवारीत उत्तमला एक सोबती मिळाला. कळपापासून दूर, उत्तरेला, एक एकटा नर फिरत होता. त्याचा आवाज भोंग्याजवळच्या मायक्रोफोनमध्ये अगदी बारीक यायचा. दहा घाव, शेवटचे तीन मुद्दाम सावकाश. उत्तमनं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्याच्या अंगावर काटा आला. असा हात त्यानं चाळीस वर्षांत दोन-तीन माणसांचाच ऐकला होता. त्या नराला संस्थेच्या वहीत एकवीस नंबर होता. उत्तम त्याला पाव्हणं म्हणायचा.

"आज पाव्हण्यानं काय टाकलंय, ऐक तर!" तो शेजारच्या शिंप्याला जबरदस्तीनं हेडफोन लावायचा.

"मला नुसतं धबधब ऐकू येतंय," शिंपी म्हणायचा.

"मशिनीवर बसून बसून कान गेलं तुझं."

मार्च गेला, एप्रिल गेला, मे निम्मा सरला. उत्तमचा चेहरा उजळला होता. मग एका सकाळी डॉक्टरबाईंनी त्याला पडद्यापुढं बोलावलं.

"उत्तमराव, बसा. हे बघा, लाल रेघा तुमच्या, निळ्या पाव्हण्याच्या. ही जानेवारीतली सकाळ. तुम्ही वाजवलंत, संपलं. पुढं तासभर गप्प. आणि ही कालची."

कालच्या चित्रात लाल रेघांचा एक झुपका होता, मग रिकामी जागा, मग निळा झुपका, मग पुन्हा लाल, लहानसा. पुन्हा रिकामी जागा. पुन्हा निळा.

"आणि हा नकाशा. फेब्रुवारीत पाव्हणं कळपापासून चार किलोमीटरवर होतं. कधी वारा पडला की ऐकू यायचं. आज नऊशे मीटरवर आहे."

उत्तमनं त्या रिकाम्या जागांवरून बोट फिरवलं. त्यानं त्या ओळखल्या होत्या. हलगीच्या सामन्यात आपला हात टाकून झाला की समोरच्यासाठी जागा सोडायची असते. त्यानं काही चांगलं टाकलं तर दोन हलके घाव घालून त्याला दाद द्यायची, आणि पुन्हा जागा सोडायची. जो जागा सोडत नाही त्याला वाजवणारा म्हणत नाहीत, त्याला आडदांड म्हणतात. हे उत्तमला त्याच्या बापानं हातावर छडी मारून शिकवलं होतं.

"ही चूक न्हवं, डाक्टरबाई," तो म्हणाला. "ही रीत हाय आमची."

"तुमची आहे. कुमूची नव्हती. कुमू वाजवायचा आणि गप्प व्हायचा. त्या गप्प होण्याचा अर्थ होता, इथं येऊ नकोस. तुम्ही त्याला चार महिने या, बसा म्हणताय."

"म्हंजी मोके..."

"पाव्हणं अजून सातशे मीटर पुढं आलं की त्याला कळेल, इथं नर नाहीच आहे."

दुसऱ्या दिवशी बाईंनी उत्तमला बसू दिलं नाही. त्याच्याच दोन वर्षांच्या नोंदींवर शिकवलेलं यंत्र लावलं. यंत्रानं चोख वाजवलं, जानेवारीतल्या उत्तमसारखं. पाव्हणं गप्प राहिलं. संध्याकाळपर्यंत ते दीडशे मीटर आणखी जवळ सरकलं.

"त्यानं वळखलं," उत्तम म्हणाला. "हात बदलला ते."

तिकडे राखणदारांची प्रमुख होती एस्पेरांस नावाची बाई. ती तिच्या भाषेत बोलायची आणि अनुवादाचं यंत्र ते मराठीत सांगायचं. यंत्राचं मराठी सरकारी परिपत्रकासारखं होतं, पण बाई मूळची थट्टेखोर आहे हे त्यातूनही कळायचं.

"आदरणीय उत्तमबाबा," यंत्र म्हणालं, "आपल्या मित्राची तब्येत उत्तम आहे. त्याच्या पावलाचा ठसा माझ्या टोपीएवढा आहे. आपण त्यास जेवावयास बोलावले असल्यास भांडी तुम्ही घासावीत."

गोदामात कुणी हसलं नाही. मग एस्पेरांस गंभीर झाली.

"एक गोष्ट नमूद करणे आवश्यक आहे. एलेंगे, म्हणजे कुमूचा मुलगा, आता बारा वर्षांचा आहे. त्याची पाठ पांढरी होऊ लागली आहे. रोज पहाटे तो उभा राहतो. हात उचलतो. तेवढ्यात भोंगा वाजतो आणि तो खाली बसतो. हे मी पुष्कळ दिवस पाहत आहे. मला वाटले ही काही विशेष बाब नाही."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं.

त्या दिवशी उत्तम जेवला नाही. हौसाबाईनं ताट झाकून ठेवलं आणि काय झालं ते विचारलं. त्यानं सगळं सांगितलं, एलेंगेचंही. ती भाकरीचं पीठ मळत ऐकत होती.

"माझ्या आईचं तुमास्नी कदी सांगितलं न्हाई म्या," ती म्हणाली. "माझा बाप खाणीवर गेला हुता कर्नाटकात. तिथंच दरड पडून मेला. माझ्या चुलत्याला कळलं, पन त्यानं घरात सांगितलं न्हाई. दर दोन म्हयन्यानी बापाच्या नावानं पत्र यायचं. चुलताच लिवायचा, चुलताच वाचून दावायचा. आईला कुठं वाचाया येत हुतं? सा वर्सं कुकू लावून बसली."

"कशापायी केलं त्येनं?"

"आई तरणी हुती. आमच्यात बाईचा दुसऱ्यांदा पाट लागतो. ती गेली असती तर घरातलं, रानातलं कोण बघनार?" तिनं पिठाचा गोळा परातीत आपटला. "खरं कळलं तवा आई रडली न्हाई. चुलत्याला म्हनली, माझी सा वर्सं कुटं ठिवली तेवडं सांग."

"हितं लेकराचा जीव हाय, हौसा."

"तवाबी लेकराचंच नाव केलं हुतं. माझं."

सकाळी उत्तमनं डॉक्टरबाईंना आपला बेत सांगितला. पाव्हण्याला रागावून, धमकावून ते आता हटणार नाही. ते उत्तमच्या मागं लागलंय. तर त्याला मागंच लावायचं. पहिल्या भोंग्यावरून दुसऱ्या, दुसऱ्यावरून तिसऱ्या, असं रोज थोडं मागं हटायचं. हटणाऱ्याच्या मागं पैलवान जातोच. आठवा भोंगा पूर्वेला नदीवर होता, कळपापासून अकरा किलोमीटर. तिथं नेऊन सोडायचं. तोवर कळपापाशी यंत्रानं हळू वाजवत राहायचं, म्हणजे कळप मागं यायचा नाही.

"आणि मग?"

"मग बंद. सगळीकडंच."

"सगळीकडे?" बाई उठून उभ्या राहिल्या. "उत्तमराव, कुमू गप्प झाला तर आठवड्यात कळप फुटेल. दुसरा कुणीतरी येईल. अडीच वर्षं आपण हेच टाळतोय."

"त्यो पोरगा वाजवंल की."

"तो कुमूच्या निम्म्या वजनाचा आहे. आणि नाही वाजवलं तर?"

"म्या वाजवतोय तवर तर वाजवणार न्हाईच."

बाई खिडकीपाशी गेल्या. खाली पेठेत कुणीतरी ट्रॅक्टर मागं घेत होतं. आपण चाळीस माणसांना रोज इथं कशासाठी बोलावतो, हे त्यांनी भाषणांत शंभर वेळा सांगितलं होतं. आता त्यातलं एकही वाक्य कामाचं नव्हतं.

"मोके मेला तर ते माझ्या नावावर," त्या म्हणाल्या.

"दोघांच्या," उत्तम म्हणाला.

बारा दिवस लागले. उत्तमनं त्या बारा दिवसांत जे वाजवलं, तसं आयुष्यात वाजवलं नव्हतं. कुमूचं अंग ठेवून, पण हात आपला. घाव टाकायचा, जागा सोडायची, पाव्हण्याचं उत्तर ऐकायचं, दाद द्यायची आणि एक पाऊल मागं. पाव्हणं येत राहिलं. तिसऱ्या दिवशी त्यानं दहाचे तेरा घाव केले. सहाव्या दिवशी उत्तमचाच शेवटचा बसका घाव उचलून परत केला. तेव्हा उत्तमनं मान खाली घातली. समोर बसलेल्या कॉलेजच्या मुलीला वाटलं, आजोबांना चक्कर आली.

"फसवतोय म्या त्येला," तो तिला म्हणाला. "आन् त्यो मला शिकवतोय."

बाराव्या दिवशी नदीवरच्या भोंग्यावरून शेवटचा हात पडला. रीतीप्रमाणे सामना संपताना दोघांनी मिळून वाजवायचं असतं. उत्तमनं ते केलं नाही. घाव टाकले, थांबला, आणि छातीवर चादर घातली.

पाव्हण्यानं उत्तर दिलं. मग वाट पाहिली. मग पुन्हा दिलं.

आता उत्तमचं काही काम नव्हतं, तरी तो साडेदहाला यायचा आणि हेडफोन लावून बसायचा. पाव्हणं नदीकाठी रोज वाजवत होतं. दहा घाव, शेवटचे तीन सावकाश. मग जागा सोडायचं. चार महिन्यांपूर्वी ते जागा सोडत नव्हतं. ती सवय त्याला सांगलीतून लागली होती.

चौथ्या दिवशी हौसाबाई डबा घेऊन गोदामात आली. पहिल्यांदाच. पिवळी फरशी, पाटी, हेडफोन लावलेली माणसं, सगळं तिनं बघून घेतलं आणि नवऱ्याशेजारी बसली. त्याचा उजवा हात चादरीवर होता आणि बोटं उचललेली.

"आना हिकडं," तिनं हेडफोन काढून स्वतःच्या कानाला लावला. बराच वेळ ऐकलं.

"ह्योच का?"

"व्हय."

"दमलाय की हो."

"व्हय."

तिनं त्याचा हात चादरीवरून उचलला आणि त्यात डबा दिला.

कळपाकडून बातम्या बऱ्या नव्हत्या. पाचव्या दिवशी थोरली मादी आणि तिच्यामागं आणखी एक निघून गेली. सातव्या दिवशी मोकेची आई दिवसभर एका जागी बसून राहिली, चरली नाही. दहाव्या दिवशी नदीकाठचा आवाज बंद झाला. पाव्हणं कुठं गेलं ते कळेना, त्या पट्ट्यात कॅमेरे नव्हते. अकराव्या दिवशी पहाटे एलेंगे उभा राहिला, हात उचलले, आणि भोंगा वाजण्याची वाट बघत तसाच थांबला, असं एस्पेरांसनं कळवलं. मग त्यानं छाती बडवली. चारच घाव, तेही एकसारखे नाहीत.

डॉक्टरबाईंनी ते सगळ्यांना ऐकवलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळ्यांनी उत्तमकडे पाहिलं, आणि त्यानं छातीवरची चादर सारखी केली.

पाव्हणं परत आलं ते सातव्या आठवड्यात. उत्तरेकडून, कळपापासून तीनशे मीटरवर. एस्पेरांसची माणसं झाडाआड थांबली होती. त्यांनी मध्ये पडायचं नाही, हा नियमच होता. डॉक्टरबाईंनी सगळा आवाज गोदामातल्या मोठ्या भोंग्यावर सोडला. शिंपी उभा राहिला. हौसाबाई त्या दिवशीही आली होती.

पाव्हण्यानं वाजवलं. दहा घाव, शेवटचे तीन सावकाश. आणि जागा सोडली.

ती जागा पुरती सुटलीही नव्हती, तोच एलेंगे त्यावर कोसळला. आठ, नऊ, बारा, ना लय ना तोल, नुसते घावावर घाव. पाव्हण्यानं मध्ये दोन घाव घालायचा प्रयत्न केला. पोरानं तेही दाबले. मग फांद्या मोडल्याचा आवाज, एक भुंकल्यासारखी आरोळी, पुन्हा फांद्या. मग पानांवरून गळणारं पाणी तेवढं.

डॉक्टरबाईंनी भोंग्याचा आवाज आणखी वाढवला.

"नोंद घ्यावी," यंत्र म्हणालं, आणि एस्पेरांस मागं काहीतरी भराभर बोलत होती, यंत्राला तिच्याबरोबर धावता येत नव्हतं. "एलेंगे पंचवीस मीटर धावून गेला. आपला मित्र... मागे वळला. चालत गेला. उत्तरेस. एलेंगेच्या खांद्यास जखम आहे, किरकोळ. मोके आईच्या पाठीवर आहे. तो पान खात आहे. मी पुन्हा सांगते, तो पान खात आहे."

डॉक्टरबाई खाली बसल्या आणि त्यांनी चष्मा काढून हातात धरला. मुलींनी एकमेकींना मिठ्या मारल्या. शिंप्यानं उत्तमचा खांदा हलवला.

"काय उत्तमराव, कसं वाजवलं पोरानं?"

उत्तम उत्तरेकडच्या मायक्रोफोनला कान लावून बसला होता. तिकडून काही येत नव्हतं. त्यानं हेडफोन काढला.

"वाईट वाजवलं," तो म्हणाला. "जागाच सोडली न्हाई."

मग थोडं थांबून म्हणाला, "बराबर वाजवलं."